आमचे मूळपुरुष दार उघडताना

आमच्या घरात पूर्वज एकच होता, पण तो इतका मोठा होता की दोन खोल्यांत मावत नसे. भोसरीला गोदाआक्कांच्या जागेत आमच्या त्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत बाबांची सायकल, ताईचं शिलाई मशीन, आणि उरलेल्या सगळ्या जागेत हा पूर्वज. कोकणातल्या आमच्या गावासमोर पाण्यात जो किल्ला आहे, त्याचा हा किल्लेदार. शत्रू आला तेव्हा शेवटच्या बुरुजावर एकटा उभा राहिला आणि अंगावर एकवीस वार घेऊन पडला. पाहुणे जरा वजनदार असले की बाबा वार वाढवायचे. कंपनीतले फोरमन साहेब चहाला आले होते त्या दिवशी बत्तीस झाले होते. किल्ल्याचं नाव मी लिहीत नाही. तिथे हल्ली सहली येतात, माहिती सांगायला एक माणूस असतो, तो पोटापाण्यासाठी काय वाटेल ते सांगतो. त्याच्या धंद्यात मी कशाला पडू.

बाबा लेथवर काम करायचे. पहिली शिफ्ट. चारचा भोंगा झाला की अर्ध्या तासात घरी, अंगाला तेलाचा आणि लोखंडाच्या किसाचा वास. आंघोळ करून बनियनवर उंबऱ्यात बसले की कपात चहा आणि तोंडात किल्ला. मागे कुठल्याशा शेडमधला पत्रा ठोकायचा प्रेस दिवसभर धप्प, धप्प करत असायचा. आम्हाला त्याची इतकी सवय की साप्ताहिक सुट्टीला तो बंद पडला की आईला चुकल्यासारखं व्हायचं. बाबांच्या गोष्टीला त्या धप्पची फार मदत व्हायची. तोफ म्हटलं की मागून आवाज तयार.

गोदाआक्का म्हणजे आमच्या घरमालकीण. जुन्या गावातल्या, शेतीवाल्या, गळ्यात माळ. आम्ही सुकट भाजली की पदर नाकाला लावून अंगणात उभ्या राहायच्या, आणि पदरातूनच विचारायच्या, "झालं का गं भाजून? येऊ का बसायला?" त्यांचं माहेर चाकणचं. तिथला किल्ला जमिनीवरचा, मातीचा, आणि आक्कांच्या मते जगात किल्ला तेवढाच.

"तुमचा किल्ला पान्यात हाय म्हनता," त्या बाबांना म्हणायच्या, "मंग त्यो कुजत न्हाई व्हय?"

"आक्का, दगडाचा आहे. शिसं ओतलंय पायात."

"आसंल. पर पान्यामागं दडून कुनीबी लढंल. आमचा चाकणचा बघा, उघड्या रानात हुबा राहून लढला. धा कोसावरनं दिसतुया, या म्हनलं, कुनाला यायचंय त्यानं."

बाबा आत येऊन आईला म्हणायचे, "या बाईला एकदा समुद्र दाखवला पाहिजे." आई म्हणायची, "दाखवा. पण आधी रॉकेलच्या रांगेला जाऊन या."

या पूर्वजाचा पुरावा काय, तर गावच्या शिमग्यातला आमचा मान. पालखी देवळातून निघून गावभर नाचून परत आली, सगळे मानकरी आत गेले, की देवळाचं दार लावायचं ते आमच्याच घराण्यातल्या पुरुषानं. दार लावलं की सगळा गाव मोठ्यानं ओरडून तीनदा विचारतो, "लावलं काय रे?" आणि आमच्या माणसानं तीनदा सांगायचं, "लावलं!" बाबा हे सांगताना उभे राहायचे. "किल्ल्याचं दार ज्यांनी राखलं, त्यांच्याच हातात देवीचं दार. तीनशे वर्षं! दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत." मी ऐकताना शहारायची. एवढा मान सोडून बाबा भोसरीला का आले आणि शिमग्याला कधीही रजा का काढत नाहीत, हे विचारायची अक्कल तेव्हा नव्हती. बारा वर्षांची होते मी, आणि सातवीत दुसऱ्यांदा बसले होते.

आता ताईचं सांगते, कारण सगळं तिच्याभोवतीच आहे. शैलाताई दिसायला चांगली, हाताला सफाई, पण बाबांपाशी जमीन नाही, स्वतःचं घर नाही. दोन स्थळं चहा पिऊन गेली ती गेलीच. तिसरं इथल्याच शेजारच्या दिघीचं. मूळचे आमच्याच खाडीपलीकडच्या गावातले लोक, मुलगा वसंत फिटर. दसऱ्याला बघायला आले, तेव्हा त्यानं ताईला एकच प्रश्न विचारला : "मशीन पायाचं आहे की हाताचं?" आता हा काय मुलीला विचारायचा प्रश्न आहे? पण ताई त्यावर आठ दिवस हसत होती. भाकरी थापता थापता हसायची. आईनं ओळखलं. "हेच करायचं," ती बाबांना म्हणाली, "हे मोडलं तर पोरगी मोडेल."

त्या स्थळाकडे सगळं ठरायचं ते वसंताचे वडील नाना यांच्या तोंडून. नाना कुठल्याशा गोदामात पहारेकरी होते, मिशा मात्र सरदाराच्या. त्यांनाही पूर्वज होता! त्याच किल्ल्यावर! पहिल्या भेटीत नाना आणि बाबा यांनी चहाच्या कपबश्या मांडून किल्ल्याची वाटणी केली : दर्याकडचा बुरुज आमचा, खाडीकडचा त्यांचा. दोन्ही बुरुजांवर सगळे कापले गेले, एकही माणूस मागे वळला नाही, यावर दोघांचं एकमत झालं. ताईला स्वयंपाक काय येतो हे विचारायचं राहूनच गेलं. "घराणं बघून पोरगी करायची, बाकी काय," असं म्हणून नाना गेले आणि पक्कं करायला दिवाळीच्या पाडव्याला येतो म्हणाले.

दिवाळीच्या आधी गावाहून आत्या आली. आम्ही तिला आत्या म्हणायचो, पण ती बाबांची आत्या. नवऱ्यामागे माहेरी परतलेली, मूलबाळ नाही. बाबांची आई बाळंतपणात गेली, तेव्हा तिनंच त्यांना तांदळाची पेज पाजून वाढवलं. एका गाठोड्यात पोहे, कुळथाचं पीठ, आमसुलं, आणि आमच्या वाडीचे दहा नारळ. एवढं ओझं घेऊन दोन एस.टी. बदलून आली, आणि उंबऱ्यात पाय ठेवल्या ठेवल्या बाबांना म्हणाली, "दत्त्या, मेल्या, किती वाळलास! कंपनी खायला घालते का खाते तुला?" तिच्या तोंडाला झाकण म्हणून नव्हतं. खोटं तिला येतच नसे. आईनं केलेली चकली मऊ पडली, तर ती "छान झालीय" म्हणण्याऐवजी "दात नसलेल्यांना बरी" म्हणायची.

आमच्या या भागात दिवाळीला पोरं अंगणात मातीचा किल्ला करतात. आताही करतात म्हणा, म्हणजे विकत आणतात. परवा चाकण रस्त्याला पाहिलं, प्लास्टरचे तयार किल्ले ओळीनं मांडलेले, आकाराप्रमाणे भाव, गवतसुद्धा रंगवलेलं. आम्ही आक्कांच्या मळ्यातली माती आणायचो, विटा आणि फुटके दगड रचून वर ओलं पोतं टाकायचो, माती लिंपून अळीव पेरायचो, की पाडव्यापर्यंत किल्ला हिरवागार. त्या वर्षी मी ठरवलं, आपला किल्ला करायचा. पाहुणे येणार, नानांना दाखवायचा. आक्कांनी जुनं मोठं घमेलं दिलं, त्यात पाणी आणि कपड्यांची नीळ घालून समुद्र केला. आक्का म्हणाल्या, "यवढाच व्हय समुद्र? मंग त्याचं यवढं काय सांगतो तुजा बाप?"

किल्ला झाला, बुरुज झाले, पण मूळपुरुष नक्की कुठे उभा करायचा ते मला कळेना. आत्या चुलीपाशी खोबरं किसत होती. मी जाऊन विचारलं.

"बुरुजावर कशाला?" आत्या म्हणाली. "तो कुठे गेला बुरुजावर? तो खाली. दर्याकडे लहान दार हाय ना, चोरदरवाजा, तिथे. त्यानं तो उघडला."

"का उघडला?"

"बाहेर होड्या उभ्या व्हत्या म्हणून उघडला. कोण व्हते त्यात, टोपीवाले का कोण, मला ठाव नाय. भरती व्हती. होडी दाराला लागली, यानं आतून अडसर काढला. पन्नास-साठ माणसं झोपलेली व्हती गो आत. उठायलासुद्धा मिळालं नाय त्यांना." किसणी थांबली, मग परत सुरू झाली. "त्याची त्याला वाडी मिळाली. नारळाची. तीच आपली. हे खोबरं तिचंच."

"आणि देवळाचं दार लावायचा मान?"

"मान कसला आलाय! गावानं शिक्षा लावलीय. तेव्हा उघडलंस ना, आता जन्मभर लाव. म्हणून तर विचारतात, लावलं काय रे? हसतात मेले. तुझा बाप लहान व्हता तेव्हा एकदा त्याच्यावर पाळी आली. तीन वेळा 'लावलं' म्हणायचं, तर तिसऱ्यांदा तोंडातून आवाजच नाय."

आता वाचणाऱ्याला वाटेल, पोरीला लाज वाटली असेल. नाही हो. मला वाटलं, हे तर फारच छान! बुरुजावर उभं राहून मरायला काय, कुणीही मरेल. पण आपल्या माणसानं दार उघडलं तेव्हा कुठे पुढची लढाई झाली! आत्यानंही ते इतकं रंगवून सांगितलं होतं. मी काडेपेटीचं दार केलं, त्याला दोरा लावला, ओढला की उघडायचं. दारात मातीचा एक मिशीवाला उभा केला, बाहेर निळीच्या पाण्यात कागदाच्या तीन होड्या. आणि वहीच्या जाड पुठ्ठ्यावर, चित्रकलेच्या बाईंनी शिकवलेल्या अक्षरात, पाटी लिहिली : "आमचे मूळपुरुष दार उघडताना." खाली लाल रंगात, "दोरी ओढा."

बाबांना दाखवायचं राहिलं, कारण सणाच्या आदल्या दिवशीही त्यांचा ओव्हरटाइम होता आणि मी वर पोतं झाकून ठेवलं होतं, पाहुण्यांपुढेच उघडायचं म्हणून. अशी मी हुशार.

पाडव्याला नाना आले, वसंत आला, आणि वसंताची आई नानी. नानी म्हणजे सावळी, बुटकी, गप्प बाई. मागच्या वेळी त्या आल्या होत्या की नाही हेही कुणाला आठवत नव्हतं. आईनं ताटल्या मांडल्या. नानांनी करंजी उचलली आणि ती हातात घेऊनच अंगणात आले, कारण मी ओढतच आणलं त्यांना. पोतं काढलं. नाना म्हणाले, "वा! वा! आपलाच की!" मग पाटी वाचली. मग, लिहिलंच होतं म्हणून, दोरी ओढली. दार उघडलं.

नानांचा चेहरा बघता बघता उतरला. "हे काय आहे, दत्ताराम?"

बाबा पुढे आले, त्यांनी वाचलं. मी मोठ्या उत्साहानं सगळं सांगून टाकलं. होड्या, भरती, झोपलेली माणसं, वाडी. "आणि ही करंजी आहे ना नाना, तिच्यातलं खोबरंसुद्धा त्याच वाडीचं!" मला वाटलं त्यांना मजा वाटेल. नानांनी करंजीकडे पाहिलं. अर्धी पोटात गेली होती, तिचं काही करता येत नव्हतं.

"आमचे बुरुजावर मेले," नाना म्हणाले, "आणि तुमच्यानं दार उघडून दिलं! हे रक्तात असतं, दत्ताराम. पिढ्या गेल्या तरी जात नाही. असल्या घरातली पोरगी उद्या माझ्या घराचं दार..."

पुढचं ते बोलले नाहीत, पण ताई खिडकीत होती. तिनं गज धरलेला मला दिसला. वसंतानं मान खाली घालून बशीतल्या चिवड्यातले शेंगदाणे वेचायला सुरुवात केली होती. आमचे भावजी पुढे फार चांगले निघाले, ताईला कधी वर आवाजानं बोलले नाहीत. पण त्या दिवशी शेंगदाणे वेचत होते ते वेचत होते, मी पाहिलंय.

मला वाटलं, बाबा आता वार मोजतील. एकवीस, बत्तीस, पन्नास, काय लागतील तेवढे. बाबा म्हणाले, "खरं आहे ते." अगदी हळू. "मला लहानपणापासून माहीत आहे. गावात राहणं नको झालं म्हणून इथे आलो. इथे कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून जरा बरा पूर्वज सांगत होतो. एवढंच."

गोदाआक्का कुंपणापाशी उभ्या होत्या. बाबांना टोचायची एवढी संधी त्यांना पुन्हा मिळणार नव्हती. पण आक्का नुसत्या पायाकडे बघत राहिल्या.

तेवढ्यात त्या गप्प नानी बोलल्या. "अहो, तुम्हीच सांगता ना, बुरुजावरचे सगळे कापले गेले? एक उरला नाही?"

"हो! एक नाही!"

"मग आपण कुठून आलो?"

नानांनी करंजी या हातातून त्या हातात घेतली.

"मेले त्यांची घरं तिथेच संपली. आता त्या खाडीच्या दोन्ही काठांना जेवढी घरं आहेत ना, ती पळालेल्यांची आहेत, लपलेल्यांची, नाहीतर दार उघडणाऱ्यांची. आपले त्यातले कुठले, ते आधी ठरवा आणि मग या माणसाला बोला. करंजी संपवा ती. हातात चुरा होतोय."

असली वाक्यं मी पुढे मोठमोठ्या सभांतही ऐकली नाहीत. आता चऱ्होलीला जिथे ज्वारी उभी असायची तिथे बावीस मजली इमारती झाल्यात, प्रत्येकीला एकेका किल्ल्याचं नाव, आणि तिथे राहणारा प्रत्येक जण कुठल्यातरी सरदाराचा वंशज. गेटवर फोनमध्ये नंबर आल्याशिवाय पहारेकरी आत सोडत नाही. मी तिथे भिशीला जाते तेव्हा मला दर वेळी नानी आठवतात; पण बोलत नाही, चहा चांगला मिळतो.

नाना खाली बसले. पण मिशा असलेला माणूस एकदम कसा उठणार आणि एकदम कसा बसणार? त्यांना काहीतरी हवं होतं. त्यांनी मागितलं. हा किल्ला आत्ताच्या आत्ता मोडायचा. ही गोष्ट दोन्ही घरांत पुन्हा काढायची नाही. आणि, आवाज खाली आणून, "लग्नाला आमच्याकडची पंचवीस घरं येणार. तुमच्या त्या आत्याबाईंनी येऊ नये. त्यांच्या तोंडाला काही धरबंध नाही."

बाबांनी खिडकीकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराकडे. मला आजही वाटतं, ते एवढं जरी म्हणाले असते की "तिनं मला वाढवलंय"! ते म्हणाले नाहीत. स्वयंपाकघरातून आत्याचाच आवाज आला.

"मी कुठे येत्येय लग्नाला? भात झोडायचा पडलाय माझा! ते टाकून कोण येतंय? तुम्ही ठरवा तुमचं."

तिचा भात झोडून झालेला होता. त्याच भाताचे पोहे तिनं आणले होते, तेच चिवड्यात होते, वसंत तेच खात होता. आयुष्यात पहिल्यांदा तिनं खोटं सांगितलं, आणि आम्ही सगळ्यांनी ते मुकाट्यानं ऐकून घेतलं. आईनं साखर वाटली. किल्ला मी मोडला. नाना जवळ उभे राहिले होते, नीट मोडतेय की नाही ते बघायला.

भाऊबीज झाल्यावर आत्याला एस.टी.त बसवायला बाबा आणि मी पिंपरीला गेलो. बाबांनी सायकलवर गाठोडं घेतलं, आम्ही दोघी मागून चालत. गाडी आली, आत्याला खिडकीची जागा मिळाली. बाबा फलाटावर उभे, चाकातली हवा तपासल्यासारखी सायकल दाबत. आत्यानं मला खिडकीशी बोलावलं.

"गो बेबी, लग्नात जेवायला काय करणार आहेत?"

"जिलबी म्हणत होती आई. मठ्ठा. मसालेभात."

"बरं. आणि शैलाला शालू कुठल्या रंगाचा?"

"अजून घेतला नाही."

"मग हिरवा सांगत्ये मी. हिरवा कुणाला खोटा वाटत नाय. बँड हाय?"

"कशाला पाहिजे, आत्या?"

"कशाला म्हणजे? गावात विचारतील ना! भाचराच्या पोरीचं लगीन, आणि ही घरी बसली? काय सांगू मी? व्हत्ये की लग्नाला, असं सांगणार. नीट सगळं सांग, चूक व्हायला नको."

मग मी सगळं सांगितलं. अजून न झालेल्या लग्नाचं मी सांगत गेले आणि ती ओठ हलवून पाठ करत गेली. मंडप कुठे, मुंडावळ्या कसल्या, पंगती किती, आक्कांनी आहेर काय केला. कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलायला लागली तेव्हा तिनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"आणि पाठवणीला रडलं कोण कोण? तेच जास्त विचारतात सगळी!"

"बाबा!" मी ओरडले. "सगळ्यात जास्त बाबा!"

बाबा माझ्या शेजारीच उभे होते. त्यांनी नाही म्हटलं नाही.